इंग्रजीचे शब्द पाठ झाले, जोड्या कोण शिकवणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गोव्यातील मुलांच्या इंग्रजीविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात चर्चा रंगते. यंदाही ती रंगली आणि बहुतेक पत्रलेखकांनी सारे खापर व्याकरणाच्या माथी फोडले. मुलांना काळ समजत नाहीत, कर्मणी प्रयोग जमत नाही, शब्दयोगी अव्यये चुकतात, असा एकंदर सूर होता. माझी सारी नोकरी फोंडा परिसरात इंग्रजी शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही शेजारपाजारची मुले वह्या घेऊन घरी येतात, म्हणून या निदानाबद्दल चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. माझ्या मते आपल्या मुलांचे व्याकरण म्हणतात तेवढे कच्चे नसते. इंग्रजीत कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो याची त्यांना जाण नसते, आणि ती नसते कारण आपण ती वर्गात कधी देतच नाही.

आठवीतल्या एका मुलीने पावसाळ्यातील एका दिवसावर लिहिलेला इंग्रजी निबंध मध्यंतरी माझ्यापुढे आला. ‘द रेन वॉज व्हेरी स्ट्राँग अँड द विंड वॉज हेवी’ अशी त्याची सुरुवात होती. पुढे भावाने खिडकी उघडी ठेवून ‘डिड अ मिस्टेक’, आईने ‘क्लोज्ड द लाइट’ आणि रात्री मुलीने स्वतः ‘सॉ अ बॅड ड्रीम’. कर्ता, क्रियापद, भूतकाळ, उपपदे, सगळे जागच्या जागी होते. तरीही ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा माणूस यातले एकही वाक्य असे लिहिणार नाही. त्याच्याकडे पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’, चूक ‘मेक’ केली जाते, दिवा ‘स्विच ऑफ’ होतो आणि स्वप्नाला ‘हॅव’ लागते. तपासणाऱ्याने या साऱ्या जागी लाल गोल काढून खाली शेरा मारला होता, ‘व्याकरणाकडे लक्ष दे’. आता ती मुलगी व्याकरणाचे पुस्तक उघडून बसली तरी तिला त्यात काय सापडणार? पावसाला ‘हेवी’ आणि वाऱ्याला ‘स्ट्राँग’ का, हे सांगणारा नियम तिथे नाही, कारण तो मुळात अस्तित्वातच नाही. चहा कडक असेल तर तो ‘स्ट्राँग’, मोटार दणकट असेल तर ती ‘पॉवरफुल’; युक्तिवादाला मात्र दोन्ही चालतात. भाषावैज्ञानिक हॅलिडे यांनी १९६६ साली हेच चहाचे उदाहरण घेतले होते. रहदारी ‘हेवी’, झोप ‘डीप’, माणूस ‘टॉल’, डोंगर ‘हाय’. रस्त्याकडेचा वडापाव हे ‘फास्ट फूड’, पण घाईघाईचे जेवण हे ‘क्विक लंच’. तर्काने यातले काहीही काढता येत नाही. ते ऐकून, वाचून आणि मुद्दाम लक्षात ठेवूनच येते.

शब्दांच्या या संगतीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. भाषाविज्ञानात ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने जे. आर. फर्थ या ब्रिटिश अभ्यासकाकडे जाते. पुढे लंडनमध्ये प्राध्यापक झालेले हे गृहस्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. शब्दाची खरी ओळख तो कुणाच्या संगतीत वावरतो त्यावरून पटते, अशा आशयाचे त्यांचे १९५७ मधील वाक्य आजही या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाच्या तोंडी असते.

हे काही इंग्रजीचेच खूळ आहे असे कुणी समजू नये. आपल्या मराठीतल्या ‘मारणे’ या एका क्रियापदाकडे पाहा. आपण हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, फेरफटका मारतो, थापा मारतो, डोळा मारतो आणि काही काम नसले तर माशा मारतो. यातल्या शेवटच्या प्रयोगात निदान मार खाणारे कुणीतरी आहे. बाकी ठिकाणी कुणीही कुणाला मारलेले नसते. (आणि पाहा, ‘मार’ आपण ‘खातो’, शपथही खातो, भावही खातो, पैसेही खातो.) गोव्यात स्थायिक झालेला एखादा युरोपीय गृहस्थ शब्दकोश हातात घेऊन मराठी शिकू लागला तर पहिल्याच आठवड्यात हात टेकेल. आपल्याला हे अवघड वाटत नाही, कारण ‘हाक’ हा शब्द आपण सुटा कधी शिकलोच नाही, तो ‘मारणे’ला धरूनच कानावर पडला. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो. धड्याखाली शब्दार्थांची यादी, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी किंवा सोपा इंग्रजी प्रतिशब्द, आणि शुक्रवारी त्याची चाचणी. ‘अटेन्शन’ म्हणजे लक्ष हे मुलाला तोंडपाठ असते. लिहायची वेळ आली की ते मराठीत ‘लक्ष देणे’ म्हणतात हे आठवून ‘गिव्ह अटेन्शन’ लिहून मोकळे होते, आणि ‘पे अटेन्शन’ ही सर्रास वापरली जाणारी जोडी त्याच्या गावीही नसते.

‘देणे’चीच गंमत घ्या. मराठीत आपण लक्ष देतो, भेट देतो, जन्म देतो, परीक्षाही देतो. इंग्रजीत यातली पहिली दोन ‘पे’कडे जातात, जन्म ‘गिव्ह’कडेच राहतो आणि परीक्षा चक्क ‘टेक’ होते. बारावी झालेला आपला मुलगा जहाजावरच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘आय गेव्ह माय एक्झाम इन मार्च’ म्हणतो तेव्हा समोरच्या परदेशी अधिकाऱ्याला क्षणभर वाटू शकते की हा परीक्षा घेणारा मास्तर आहे. उलट काही ठिकाणी दोन्ही भाषांचे सूर आपोआप जुळतात. आपण आकृतीही काढतो आणि निष्कर्षही काढतो. इंग्रजीतही दोन्हीकडे ‘ड्रॉ’च येते. पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेल्या पिढीकडे तर तिसराच हिशेब होता: आपण प्रश्न विचारतो, इंग्रजही विचारतो, पण पोर्तुगीजमध्ये प्रश्न ‘फाझेर’, म्हणजे करायचा असतो. म्हणून मुलांना ‘मराठीतून विचार करू नका’ असा मोघम उपदेश करून काही साधत नाही. कुठे जुळते आणि कुठे फसते हे दाखवावे लागते.

गोव्यात हा प्रश्न अधिक टोकदार होण्याचे एक कारण आपल्या शाळांच्या रचनेत आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकलेले मूल पाचवीत पाऊल टाकते आणि बहुतेक विद्यालयांत एका उन्हाळ्यात त्याचे सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. माध्यमाच्या वादात मला या पत्रात शिरायचे नाही. त्यावर गोव्यात पुरेशी शाई आणि घसा खर्ची पडलेला आहे. माझा मुद्दा एवढाच, की या मुलांना केवळ इंग्रजीच्या तासाला नव्हे तर विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या तासालाही जोड्या लागतात. तांबे ‘कंडक्ट्स इलेक्ट्रिसिटी’, वायू ‘एक्झर्ट्स प्रेशर’, प्रयोग ‘कॅरी आउट’ करायचा, बल ‘अप्लाय’ करायचे. विज्ञान शिकवणारे शिक्षक या जोड्या तोंडाने बोलून जातात, फळ्यावर मात्र सुटी संज्ञा लिहितात. मग मुलाला संकल्पना कळलेली असूनही त्याचे उत्तर तुटक होते, आणि पालकसभेत आपण ऐकतो की त्याला विज्ञान कठीण जाते.

आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो वरच्या वर्गांतल्या हुशार मुलांनाही चकवतो. काही शब्द दिसायला तटस्थ असतात, पण त्यांची सोबत कायम वाईट गोष्टींशी असल्यामुळे त्यांना स्वतःलाच एक काळी छटा येते. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, अशातला हा प्रकार. ‘कॉज’ या क्रियापदाचा कोशातला अर्थ ‘घडवून आणणे’ इतका साधा आहे. प्रत्यक्षात त्याच्यापुढे बहुधा नुकसान, अपघात, आजार, मृत्यू हेच येतात. ‘माय रिझल्ट कॉज्ड ग्रेट हॅपीनेस टू माय पॅरेंट्स’ हे वाक्य म्हणूनच कानाला खटकते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांनी ‘सेट इन’ या क्रियापदाबद्दल असेच दाखवून दिले, की त्याचा कर्ता बहुतेक वेळा कुजणे, निराशा यांसारखी नकोशी गोष्ट असते. मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये: आपल्याकडे भ्रष्टाचार बोकाळतो, सद्गुण कधी बोकाळल्याचे ऐकिवात नाही, अपघाताला कुणीतरी कारणीभूत ठरतो, यशाला सहसा ठरत नाही.

या जोड्या गोळा करण्याचे काम नवे नाही. हॅरोल्ड पामर यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना शिकणाऱ्यांची हीच अडचण ओळखली आणि १९३३ साली टोकियोतून इंग्रजीतील कोलोकेशनांवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश प्रथम १९४२ साली जपानमध्येच निघाला आणि ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये काढला. आपल्या अनेक घरांत आज जो जाडजूड ‘ऑक्सफर्ड’ आढळतो त्याचे हे मूळ. पुढे संगणक आला आणि अंदाजाची जागा मोजणीने घेतली. खरीखुरी पुस्तके, वृत्तपत्रे आणि संभाषणे संगणकात भरून कोणता शब्द कुणाशेजारी किती वेळा येतो हे पाहता येऊ लागले. सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखालचा कोश १९८७ साली अशाच साठ्यावरून तयार झाला, आणि नंतरच्या ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ या साठ्यात तर १० कोटी शब्द आहेत. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे भारतीय इंग्रजीचा असा पहिला मोठा साठा आपल्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्यात १९७८ साली भारतात छापले गेलेले सुमारे १० लाख शब्दांचे इंग्रजी लेखन आहे.

कोल्हापूरचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी करतो. भारतीयांनी केलेली प्रत्येक वेगळी जोडी चुकीचीच मानावी असे माझे मत नाही. ‘गुड नेम’ विचारण्यात आपल्या शुभनावाचे सौजन्य आहे आणि ते विचारल्याने कुणाचे बिघडत नाही. ‘टेक अ डिसिजन’ला लाल रेघ मारणारे शिक्षक मी पाहिले आहेत, ती जोडी ब्रिटिशही वापरतात, ‘मेक’ अधिक रूढ आहे इतकेच. पण ‘आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज’ म्हटल्यावर परदेशी माणसाला तुम्ही महाविद्यालयात बेशुद्ध पडलात असे वाटू शकते, हे मात्र मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. आपल्या प्रदेशात काय चालते आणि बाहेर काय चालते, असा भेद सांगून शिकवावे. सरसकट हसू नये. आणि खुद्द वृत्तपत्रांची मराठी ‘महत्त्वाची भूमिका बजावणे’ आणि ‘प्रकाश टाकणे’ यांवाचून एक दिवस पुढे सरकत नाही, तेव्हा इंग्रजी जोड्यांची उसनवारी मराठीत आणणाऱ्या आपण मोठ्यांनी मुलांच्या उलट्या उसनवारीवर फार तोंडसुख घेऊ नये, ही विनंती आपल्यालाही आहे.

करण्यासारखे बरेच काही फारशा खर्चाशिवाय होईल. पाठ्यपुस्तकात धड्याखाली येणाऱ्या शब्दार्थांत शब्द सुटा न देता त्या धड्यात तो ज्याच्यासोबत आला आहे त्याच्यासकट द्यावा: ‘डॅमेज’ नव्हे, ‘कॉज डॅमेज’, ‘प्रॉमिस’ नव्हे, ‘कीप अ प्रॉमिस’. वहीतही मुलांनी तसेच उतरवावे. ‘ब्रेड अँड बटर’, ‘थंडर अँड लाइटनिंग’ यांसारख्या ठरलेल्या क्रमाच्या जोड्या तर प्राथमिक वर्गातच गाण्यांतून कानावर पडू शकतात (वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, तरी इंग्रजीत गडगडाटाचा नंबर पहिला). शालान्त मंडळाने परीक्षकांना द्यायच्या सूचनांत व्याकरणाची चूक आणि जोडीची चूक वेगळी धरावी. दोहोंचा उपाय वेगळा असल्याने विद्यार्थ्याला आपण कुठे कमी पडलो हे तरी कळेल.

त्याहून मोलाचे काम ताळगाव पठारावरचे आपले गोवा विद्यापीठ हाती घेऊ शकते. इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या निबंधांचा आंतरराष्ट्रीय साठा बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजर यांनी १९९० पासून जमवायला सुरुवात केली, आणि कोणत्या मातृभाषेची मुले नेमकी कुठे अडतात हे त्यावरून अभ्यासता येऊ लागले. काणकोणपासून पेडण्यापर्यंतच्या नववी-दहावीच्या मुलांचे निबंध, नावे आणि शाळा वगळून, असेच टंकित करून एकत्र ठेवले तर मराठी आणि कोकणी घरांतल्या मुलांच्या हातून कोणत्या जोड्या निसटतात याची यादी आपोआप मिळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम वाटून देता येईल, आणि शाळांनी जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी दिल्या तर सामग्रीचाही तुटवडा पडणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा