‘मी प्रेमास पात्र आहे’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयुष्यात प्रेम यावं म्हणून आरशासमोर उभं राहून ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं रोज घोकायचा सल्ला हल्ली पुरवण्यांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतो. समुपदेशनाचं काम करणारे म्हणून आमची विनंती आहे की, तो सरसकट छापू नये. कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जवळपास हेच वाक्य लोकांना मनात म्हणायला लावून पाहिलं. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळीत होता, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. तोंड ‘आहे’ म्हणतं आणि मन लगेच ‘नाही’चे दाखले काढायला बसतं. ज्यांना आधार हवा, त्यांनाच हे औषध बाधतं.

विधी हवाच असेल तर मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं बौद्ध ध्यान, करावी. नागपुरातल्या बुद्धविहारांना ती नवी नाही आणि पैसा लागत नाही. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी पंधरा मिनिटं, तीही बसून. अंथरुणात केली की डोळा लागतो. ‘सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो’ एवढेच शब्द. आधी स्वतःसाठी, मग आदराच्या माणसासाठी, मग ना ओळख ना पाळख अशा कुणासाठी, मग ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासाठी, शेवटी सगळ्यांसाठी. प्रत्येकी तीनेक मिनिटं.

बिघडतं ते क्रमात. बरेच जण सोडून गेलेल्या माणसापासूनच सुरुवात करतात. मैत्री बाजूला राहते आणि जुने मेसेज आठवू लागतात. जिथे आकर्षण किंवा वैर आहे तिथून आरंभ करू नये, हे बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकातच ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात बजावून ठेवलंय.

तिसरी पायरी, म्हणजे अनोळखी माणसाची, लोक उरकून टाकतात, आणि खरं काम तिथेच होतं. आपल्या नागपुरातल्या बर्डीवरचा तर्री-पोहेवाला घ्या. चेहरा आठवत नसेल तर हात आठवा: पोह्यांवर तर्री सोडणारा पळा, चिमटीतला कांदा, तेलकट होऊ नये म्हणून टोकाशी धरलेली नोट. तीन मिनिटं त्याचं भलं चिंतलं की दुसऱ्या दिवशी प्लेट घेताना मान आपोआप वर होते. त्याच दिवशी त्याला नाव विचारावं. अनोळखी माणसाशी बोलायची ही सवय लागली नाही, तर नवं माणूस आयुष्यात येणार कुठून?

सुखी संसाराची चित्रं रंगवत बसण्याबद्दलही सावध राहावं. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या २००२ च्या अभ्यासात, मनातल्या व्यक्तीबद्दल जितकी गोड स्वप्नं जास्त, तितकं प्रत्यक्ष नातं जुळणं कमी आढळलं. ‘जुळू शकेल’ अशी साधी अपेक्षा ठेवणाऱ्यांचं मात्र जास्त जुळलं. म्हणून चित्राशेजारी स्वतःची अडचण लिहावी: ‘लग्नघरी गेलो की मी कोपऱ्यात मोबाइल काढतो.’ आणि खाली तोड: ‘हात खिशाकडे गेला, तर शेजारच्याला गाव विचारीन.’

दसऱ्याला आपट्याच्या पानाचं चित्र दोनशे जणांना पाठवण्यापेक्षा खरं सोनं घेऊन पाच घरी जावं. त्यातलं एक घर वर्षभर न गेलेलं असावं, आणि चहा होईपर्यंत तरी बसावं.

समोरच्याने नाही म्हटलं असेल, तर त्याचं मन फिरवणारा कोणताही विधी नाही. ‘गेलेलं प्रेम तीन दिवसांत परत’ असल्या जाहिराती दुखावलेल्या माणसाकडून पैसे उकळतात आणि नकार देणाऱ्याच्या मागे लागायला शिकवतात. त्या आपल्या दैनिकाने घेऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

आपले,
समुपदेशन क्षेत्रातील काही वाचक, नागपूर