बालगृहातल्या कातकरी मुलांना घरची वाट हवी आहे

प्रति,
मा. महिला व बाल विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
(प्रत : मा. आदिवासी विकास मंत्री)

सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यात सत्तावीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्त झाल्यापासून एका बालगृहात आठवड्यातून दोन दिवस मुलांचा अभ्यास घ्यायला जाते. तिथल्या कातकरी या आदिवासी जमातीच्या मुलांसाठी हे पत्र लिहिते आहे.

बालगृह म्हटलं की अनाथ मुलंच डोळ्यांपुढे येतात. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांना मात्र कुणी ना कुणी आहे. एखाद्याची आई आहे, एखाद्याचा बाप, आणि आजी किंवा मावशी तर बहुतेकांना आहे. दिवाळी झाली की घरची माणसं उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. एवढ्या काळात एखादं मूल स्टेशनवर एकटं सापडतं, एखादं भट्टीवर कामाला लावलेलं आढळतं. कधी आई वारते आणि बापाला तान्ह्या भावंडासकट सगळ्यांचं करणं जमत नाही. अशा मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणारी बाल कल्याण समिती त्याला बालगृहात पाठवते. त्या घडीला ते योग्यच असतं. तात्पुरतं म्हणून आलेलं मूल पुढे सहा-सहा, आठ-आठ वर्षं तिथेच राहतं, तेव्हा मात्र काहीतरी चुकलेलं असतं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ यात सगळं लिहिलेलं आहे. मुलाच्या घरची चौकशी करून लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा, समितीने चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा, मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानावा. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलं आहे. चौकशीला माणूस वाडीवर जातो तो फेब्रुवारीत. झोपडीला ताटी लावलेली असते. अहवालात ओळ पडते : पालक आढळून आले नाहीत. पुढची कित्येक वर्षं मुलाच्या फाइलमधून ती ओळ हलत नाही. शेजारच्या म्हातारीला विचारलं असतं तर कुठल्या तालुक्यात, कुठल्या शेठच्या भट्टीवर माणसं गेलीत हे तिने सांगितलं असतं. ताई, निदान एवढा आदेश काढा, की अशा कुटुंबाची दुसरी भेट जून-जुलैमध्ये, माणसं वाडीवर असताना झालीच पाहिजे आणि तोवर फाइल बंद होणार नाही.

आमच्याकडे एक मुलगी नऊ वर्षांची असताना आली. तिची आजी तिला भेटायला आली तेव्हा ती बारा वर्षांची होती. आजीने पदरात करवंदं बांधून आणली होती. ती कातकरी बोलीत बोलत होती आणि नात माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला निम्मंच कळत होतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या कातकरीत दोघींच्या मध्ये बसून सांगत राहिले. तीन वर्षांत कुणी त्या मुलीला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं, तिचा अभ्यासही चांगला होता. बोली मात्र गेली होती. अमेरिकेने तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी १९७८ मध्ये वेगळा कायदा केला तो यासाठीच : मुलाला घराबाहेर ठेवायचं झालं तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतलं घर. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्याकडच्या तीन अतिअसुरक्षित जमातींच्या मुलांसाठी तरी हा क्रम आपल्या समित्यांना बंधनकारक करता येणार नाही का?

मुलाला घरी पाठवणं म्हणजे एसटीत बसवून देणं नव्हे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला वेठीला ठेवल्याचं उघड झालं. ज्या घरात दाणा नाही तिथे मूल रिकाम्या हाताने परत पाठवलं तर तेच पुन्हा होईल. पैशाची सोय कागदावर आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल घरीच सांभाळता यावं म्हणून प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये आहेत, आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये आहेत. यांपैकी एका रकमेवर ती आजी नातीला सांभाळू शकली असती. तिच्याकडे आधार होतं, पण नावात चूक होती. उत्पन्नाचा दाखला नव्हता, बँकेत खातं नव्हतं. तहसीलला तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्यांदा ती गेली नाही.

मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही वडिलांच्या बाजूचा. बालगृहात वाढलेलं मूल तो कुठून आणणार? आणि दाखला नाही म्हणून आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. आईबाप हयात, म्हणून अनाथांसाठीचं एक टक्का आरक्षणही नाही. दोन्ही खात्यांच्या दारांतून ते मूल परत फिरतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिअसुरक्षित जमातींसाठीची केंद्राची योजना पीएम-जनमन सुरू झाली, वाड्यांवर आधार आणि दाखल्यांची शिबिरं झाली. आमची मुलं त्या दिवशी वाडीत नव्हती, बालगृहात होती. त्यांच्याकडे शिबिर कुणी नेलंच नाही.

बारावी झालेला एक मुलगा आयटीआयला जायचं म्हणत होता. अठरा पूर्ण झाल्यावर पत्र्याची एक पेटी आणि गुणपत्रिका घेऊन तो निघाला. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरही आधार देण्याची, तरतूद आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, याची मला आजही खंत आहे. त्याचा बाप ज्या भट्टीवर मजुरीला जातो, तिथेच तो आता विटा थापतो.

म्हणून आपल्या दोघांकडेही मागणं आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि प्रांत कार्यालय यांची माणसं एकत्र बसवा. बालगृहातल्या प्रत्येक आदिवासी मुलाची फाइल उघडा. मूल सोळा वर्षांचं व्हायच्या आत वाडीवर गृहचौकशी करून त्याचा दाखला काढा, आणि खेपा घालायच्या त्या सरकारने घालाव्यात, आजीने नव्हे.

ही बैठक यंदाच्या दिवाळीआधी व्हावी. त्यानंतर वाड्या रिकाम्या होतात.

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका