अंगणवाडीचा तक्ता शेवटच्या घरापासून भरा

महोदय,
अंगणवाडीतल्या मुलांची वजन-उंची २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चढते आहे. आढावा बैठकीत पहिला प्रश्न असतो तो ‘नोंद किती टक्के झाली?’ याचा. त्यातून सेविकेने काम केले एवढेच कळते. मुलाचे पुढे काय झाले ते कळत नाही.

अशा उपक्रमांसाठी लॉजिक मॉडेल नावाची मांडणी वापरतात. साधने, कामे, निष्पत्ती, परिणाम अशी चार घरे, आणि दोन घरांच्या मध्ये आपण काय गृहीत धरले त्याची नोंद. भरायला सुरुवात मात्र शेवटच्या घरापासून करावी. ‘सॅम (लांबी-उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे तीव्र कुपोषित) बालकाची नोंद झाल्यापासून सात दिवसांत वैद्यकीय तपासणी आणि भुकेची चाचणी होऊन उपचार सुरू’ हे तिथे लिहिले, की यादी कोणाकडे जाणार, तपासणीला कोण येणार, कोणत्या वारी, हे ठरवावेच लागते. ज्या रकान्यावरून कोणीच निर्णय घेत नाही तो काढून टाकावा. सेविकेचा वेळ हेही साधनच आहे.

साखळी तुटते ती बहुधा गृहीत धरलेल्या जागी. दोन वर्षांखालचे मूल निजवून मोजायचे असते. उभे करून मोजले आणि ०.७ सेंमी मिळवायचे राहिले, तर लांबी कमी भरते. लांबी कमी, म्हणून अपेक्षित वजनही कमी; आणि सीमेवरचे सॅम मूल मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित गटात, जाऊन बसते. नोंद १०० टक्के, मूल यादीबाहेर!

म्हणून पर्यवेक्षिकेने त्याच दिवशी काही मुले स्वतः पुन्हा मोजावीत. वजनात १०० ग्रॅम किंवा लांबीत ७ मिमीहून जास्त फरक आला, तर मोजायची पद्धत पुन्हा दाखवावी. दुसरी तपासणी कार्यालयात बसूनही होते. १००-१०० ग्रॅमच्या टप्प्यांनी वजन दाखवणाऱ्या काट्यावर ‘.०’ आणि ‘.५’ने संपणारी वजने मिळून साधारण २० टक्के असतात. निम्मी तशी दिसली, तर वजने अंदाजाने टाकली जात आहेत असे समजावे.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कागदावर हवी: मोजमाप सुधारले की सुरुवातीचे काही महिने सॅमची संख्या वाढू शकते. हे आधी लिहिलेले नसेल तर वाढीचा जाब सेविकेला विचारला जातो, आणि पुढच्या महिन्यात आकडा गुपचूप खाली येतो.

जिल्हा परिषदांना आमची कळकळीची विनंती आहे की आढाव्याच्या तक्त्यात ‘नोंद टक्के’च्या शेजारी ‘नोंद ते तपासणी: दिवस’ हा एक रकाना घालावा.

– आरोग्य आकडेवारीचे काम करणारे काही वाचक