छायाचित्र प्रदर्शनाचा कॅटलॉग आधी ठरवा

मा. संपादक,
स. न.

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की ठाणे-नवी मुंबईत छायाचित्र प्रदर्शनांची लगबग सुरू होते आणि आम्हा डिझायनरांचे फोन वाजू लागतात. मी नेरुळला राहते. प्रदर्शनांचे लोगो, निमंत्रणं, कॅटलॉग करते आणि छपाईच्या वेळी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात मशीनशेजारी उभी असते. आयोजकांना आणि छायाचित्रकारांना काही सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

फोनवर बहुतेक एकच मागणी असते, "मॅडम, लोगो आणि बॅनर लवकर द्या, कॅटलॉगचं नंतर बघू." ते 'नंतर' उद्घाटनाला आठवडा उरल्यावर उजाडतं. तोवर पैसे फ्लेक्स, कमान, शाली आणि स्मृतिचिन्हांत संपलेले असतात. मग पुढची पानं शुभेच्छा संदेशांची, मागची प्रायोजकांची आणि मधल्या पानांवर सहा-सहा फोटो दाटीवाटीने. पहाटे खाडीच्या चिखलात उभं राहून ज्याने पक्ष्यांची वाट पाहिली, त्याच्या वाट्याला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा येते. याचा मला मनापासून राग येतो.

लोगोचंही तसंच. कॅमेरा, लेन्स किंवा शटरच्या पाकळ्या, याच्या पलीकडे समिती जात नाही. पोस्टरवर कोणाचा फोटो घ्यायचा यावरून रुसवेफुगवे होतात ते वेगळेच. फ्रान्समधल्या आर्ल शहरात १९७० पासून छायाचित्रण महोत्सव भरतो. त्याची पोस्टर्स फ्रेंच डिझायनर मिशेल बुवे यांनी बरीच वर्षं केली. त्यांवर एकही फोटो नसायचा. भडक रंगांत रंगवलेली एखादी भाजी, फळ नाहीतर प्राणी असायचा. त्यामुळे कोणा एका छायाचित्रकाराला झुकतं माप मिळत नाही आणि पोस्टर रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येतं. हे आपल्याला सहज जमण्यासारखं आहे. एक ठळक रंग, एक स्पष्ट देवनागरी फॉन्ट (मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' तर फुकट मिळतो) आणि फोटोवर एक अक्षरही छापायचं नाही एवढा नियम.

कॅटलॉगला मात्र वेळ लागतो. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते. असा आडवा फोटो उभ्या ए-४ पानावर टाकला की निम्म्याहून जास्त पान रिकामं राहतं, आणि ते भरायला कोणीतरी फोटोच कापतं. म्हणून आधी फोटो हातात यावेत, मग पानाचा आकार ठरावा. २३×३६ इंची कागद वाया न जाता आडवं पान कसं बसेल, हे छापखानेवाला उभ्या उभ्या सांगतो. दोन पानांवर पसरलेला फोटो तर टाळावाच, कारण चिकट बाइंडिंगच्या खाचेत नेमका चेहरा जातो. कृष्णधवल फोटो चार रंगांत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गर्द गुलाबी, पिवळी आणि काळी शाई) छापले की हिरवट किंवा तांबूस झाक येते. त्यांना काळी आणि करडी अशा दोन शाया द्याव्यात.

आपल्याकडची खरी परीक्षा रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. नवी मुंबईतल्या प्रत्येक प्रदर्शनात ते असतातच. त्यांचा फिका गुलाबी रंग स्क्रीनवर उजळ दिसतो, पण छपाईत तो थोडासा मॅजेंटा आणि पिवळ्याचा अंश यांतूनच उभा राहतो. सायन जरासा वाढला की पक्षी मळकट जांभळा होतो, मॅजेंटा वाढला की प्लॅस्टिकचा वाटतो. मागच्या मोसमात मी एका छायाचित्रकाराला मशीनवर सोबत नेलं होतं. ऑपरेटरने मॅजेंटाची चावी किंचित कमी केली, नवी शीट काढली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. पंखाच्या कडेचे ठिपके पाहून ते म्हणाले, "आता माझा पक्षी दिसला." घाईच्या कामात कलर प्रूफ, म्हणजे छपाईआधी रंग तपासायचा नमुनाही निघत नाही, मग मशीनवर थांबणं दूरच राहिलं.

फोटोखालच्या ओळींबद्दलही बोलायला हवं. 'निसर्गाचा आविष्कार' एवढंच छापून भागत नाही. कोणती जागा, कोणता महिना, मोठा रोहित की लहान रोहित (या दोन वेगळ्या जाती), हे मराठीत लिहावं आणि छायाचित्रकाराचं पूर्ण नाव बिनचूक असावं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तिथे आज काय दिसतं याची नोंद अशाच ओळींतून राहणार आहे. १८५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीने आपलं नियतकालिक काढलं होतं. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथे सक्रिय होते. त्या काळच्या छायाचित्रणाचा माग आपल्याला लागतो तो अशा छापील कागदांमुळेच.

समित्यांना माझी विनंती आहे, की पहिल्याच बैठकीला डिझायनर आणि छापखानेवाला दोघांना बोलवा, आणि कॅटलॉगचे पैसे कमान-फ्लेक्सच्या आधी बाजूला काढा. शुभेच्छा संदेश शेवटच्या पानावर घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात विनाशुल्क मिळतो, तोही घ्या. आणि १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला दोन प्रती नेऊन द्या.

आपली,
एक ग्राफिक डिझायनर, नेरुळ, नवी मुंबई