काळोख बघायला मुलांना एवढ्या लांब का नेलं, त्याचं उत्तर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की हल्ली पुण्यातले लोक लाखो रुपये घालवून लेकराबाळांना बर्फात आणि अंधारात नेतात आणि हे सगळं फक्त फोटो टाकायला आणि सोसायटीत मिरवायला. काकांचा राग मला कळतो, अर्धा पटतोसुद्धा. पण आम्ही याच जानेवारीत तिकडून, म्हणजे फिनलंडच्या उत्तरेकडून आलोय, घरातली पाच माणसं, त्यात ६८ वर्षांच्या माझ्या सासूबाई, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा धाकटा, त्यामुळे मला राहवलं नाही. पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, पण नॉर्दर्न लाइट्स (म्हणजे तिकडं रात्री आभाळात दिसणारा रंगीत उजेड) हमखास दाखवू म्हणणाऱ्या जाहिरातींबद्दल लिहिलंय तेवढं काढू नका.

आधी पैशाचं. आम्ही नोकरदार माणसं, सहा वर्षं आरडी लावली होती, मधल्या काळात गोवा नाही महाबळेश्वर नाही. लेक पहिल्यांदा विचारायला लागली की सूर्य रोज उगवतोच का, आणि मी म्हटलं पृथ्वीवर अशी जागा आहे जिथं नाही उगवत, तिथून हे सुरू झालं. मग एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो तर त्याने सात दिवसांत तीन देश, काचेच्या घरात एक रात्र, नॉर्दर्न लाइट्स हमखास, असं पॅकेज समोर ठेवलं. माझ्या नणंदेने आदल्या वर्षी असंच पॅकेज घेतलं होतं, दोन रात्री लाइट्ससाठी ठेवलेल्या, दोन्ही रात्री आभाळ गच्च ढगाळ, मुलं बसमध्येच झोपून गेली आणि परत येऊन ती म्हणाली की आम्ही बर्फ पाहिला आणि विमानतळ पाहिले. तेव्हाच आम्ही ठरवलं, जायचं तर एकाच ठिकाणी जाऊन राहायचं. मला काकांना आणि बाकीच्यांनाही एवढंच सांगायचंय, पोरांना तिकडं नेणं वाईट नाही, पळवत नेणं वाईट आहे.

आम्ही फिनलंडच्या उत्तरेला इनारी नावाच्या गावी आठ दिवस राहिलो. दिल्लीहून हेलसिंकी, तिथून इवालो आणि पुढं बसने साधारण ४० किलोमीटर. गाव छोटं, पण त्याला लागून जो तलाव आहे तो हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि त्यात तीन हजारांहून जास्त बेटं. हिवाळ्यात सगळा तलाव गोठतो आणि त्यावरून माणसं चालतात, स्नोमोबाइल जातात. तलावाकाठी लाकडी केबिन भाड्याने घेतलं होतं. इथं डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वर येतो, आणि आणखी उत्तरेला फिनलंडच्या टोकाला तर ही रात्र सुमारे ५१ दिवसांची. त्याला ते लोक कामोस म्हणतात.

सगळ्यांना वाटतं की तिथं चोवीस तास मिट्ट काळोख असतो, मलाही वाटायचं, पण तसं अजिबात नाही. सकाळी साडेनऊ दहाला दक्षिणेकडचं आभाळ हळूहळू निळं व्हायला लागतं, मग गुलाबी, मग नारिंगी, आणि आता उगवेल मग उगवेल असं वाटत राहतं आणि सूर्य येतच नाही, क्षितिजाच्या खालून आडवा सरकत जातो, दुपारी दोन अडीचला तीच पहाट संध्याकाळ होऊन जाते. बर्फही निळा दिसतो, माणसांचे चेहरेही निळे. दुसऱ्या दिवशी सासूबाई खिडकीशी चहा घेऊन बसल्या होत्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, टिळकांनी हेच लिहिलं होतं ना?" मला क्षणभर कळेचना. मग आठवलं, लोकमान्यांनी १९०३ साली, इथं आपल्या पुण्यात बसून, वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून मांडलं होतं की इतकी लांब पहाट फक्त ध्रुवाजवळच दिसू शकते, म्हणून आपले पूर्वज तिकडचे असले पाहिजेत. ते मत आज अभ्यासक मानत नाहीत, ते ठीक आहे. पण जो माणूस तिकडं कधी गेला नाही त्याने नुसत्या ऋचा वाचून ही पहाट डोळ्यांपुढं आणली, आणि ती आम्ही काचेतून बघत होतो, सासूबाईंचा चहा तसाच गार झाला. आम्ही सिंहगडावर इतक्यांदा टिळकांच्या बंगल्यावरून गेलोय, मुलांना मी हे कधी सांगितलंच नव्हतं.

थंडीचं थोडं सांगते कारण लोकांना त्याचीच भीती असते. एके दिवशी उणे २९ होतं. नाकातले केस श्वासाबरोबर ताठ होतात, पापण्यांवर पांढरं दव साठतं, आणि बर्फावर पाय टाकला की थर्माकोल घासल्यासारखा आवाज येतो. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीला प्लग लावलेला, इंजिन गरम राहावं म्हणून. इथून जाताना सुती बनियन आणि जीन्स अजिबात नेऊ नका, सुती कापडात घाम मुरतो आणि तोच गार पडतो, अंगालगत पातळ लोकरीचं हवं. बूट एक साइज मोठे घ्या म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलतात, घट्ट बुटात पाय लवकर गारठतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा नाहीतर बॅटरी बघता बघता शून्यावर येते. वरचे जाड ओव्हरऑल तिथंच भाड्याने मिळतात, त्यासाठी इथून सूटकेस भरू नका.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या केबिनमध्येच बसून राहतील असं आम्हाला वाटलं होतं. पण तिथं पोटकुरी म्हणून एक घसरगाडी मिळते, खुर्चीला खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, मागच्याने एका पट्टीवर पाय ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने ढकलायचं, तिथल्या आज्या त्यावर पिशवी ठेवून दुकानात जातात. लेकीने आजीला त्यावर बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली आणि गोठलेल्या तलावावर ढकलत घेऊन गेली. बरंच लांब गेल्यावर दोघी थांबल्या. मी मागून चालत पोचले तर आजी म्हणाल्या, "शू, ऐक." काहीच ऐकू येत नव्हतं, गाडी नाही, हॉर्न नाही, कुत्रं नाही, पंखासुद्धा नाही. मग खालून बर्फाचा एक लांबच लांब आवाज आला, तार छेडल्यासारखा. धायरीत राहणाऱ्या माझ्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकली असं मी म्हणेन.

जेवणाचं फार अवघड गेलं नाही. केबिनमध्ये शेगडी होती, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, तांदूळ, डाळ सगळं नेलं होतं. फक्त तूप, पेढे, दुधाचं काहीही युरोपात नेता येत नाही, ते आधीच बाजूला काढा.

आता ज्याबद्दल मी घरी आल्यापासून सगळ्यांना सांगत सुटलेय ते. तिथल्या जंगलात जागोजागी लाकडी झोपड्या आहेत, आउतिओतुपा म्हणतात, कुलूप नाही, भाडं नाही, राखणदार नाही. आत चूल, बाक, करवत, कुऱ्हाड, बाहेर सरपणाची खोली आणि एक वही, त्यात आलेला माणूस नाव लिहून पुढं कुठं जाणार ते लिहितो. नियम असा की जो सगळ्यात शेवटी येईल त्याचा हक्क सगळ्यात मोठा, आधी आलेल्याने उठून त्याला जागा द्यायची, कारण बाहेर थंडीत तोच असतो आणि तोच दमलेला असतो. आम्ही एका गाइडबरोबर बर्फावरचे रुंद बूट बांधून एका झोपडीपर्यंत गेलो, चूल पेटवली, गरम बेरीचं सरबत प्यायलो. निघताना त्या गाइड पोराने कुऱ्हाड घेतली आणि आम्ही जाळली होती तेवढी लाकडं फोडायला लागला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, पुढचा माणूस येईल तेव्हा त्याची बोटं कदाचित आखडलेली असतील, त्याला नुसती काडी ओढता आली पाहिजे. धाकट्याने भूर्जाच्या सालीचे पातळ पापुद्रे काढून चुलीशेजारी रचून ठेवले, ओले होऊ नयेत म्हणून दोनदा जागा बदलली. कोण येणार ते त्याला माहीत नव्हतं, आणि घरी आल्यावर त्याने दोनदा विचारलंय की आला असेल का गं तो माणूस.

इनारी हे सामी लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव, फिनलंडमधल्या सामींची पार्लमेंट तिथंच आहे. एका रेनडिअर पाळणाऱ्या कुटुंबाकडे गेलो तेव्हा लेक विचारणार होती की तुमच्याकडे किती रेनडिअर, पण गाइडने आधीच बजावलं होतं की हा प्रश्न विचारायचा नाही, ते म्हणजे एखाद्याला बँकेत किती पैसे आहेत विचारण्यासारखं. प्रत्येक जनावराच्या कानाला मालकाच्या खुणेच्या खाचा असतात. बर्फाखालची दगडफुलासारखी वनस्पती त्यांना वासाने कळते आणि खुराने उकरून ते ती खातात. मधेच ऊब येऊन पाऊस पडला आणि परत गोठलं की बर्फावर काचेसारखा थर बसतो, खूर आत जात नाही आणि कळप उपाशी राहतात, असं आता वारंवार होतंय म्हणाले. ट्रॅव्हलवाल्याच्या ब्रोशरमध्ये सामींचे रंगीत कपडे घातलेल्या टुरिस्टांचे फोटो होते, तसले खोटे कपडे घालून फोटो काढणं त्या लोकांना अपमानाचं वाटतं, २०१८ साली त्यांच्या पार्लमेंटने पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढलीत. कृपा करून मुलांना ते घालू नका. आणखी एक, इनारी सामी भाषा बोलणारे फक्त काही शे लोक उरलेत, म्हणून १९९७ पासून तिथं छोट्या मुलांसाठी भाषेची घरटी चालवतात, म्हणजे अशी बालवाडी जिथं दिवसभर फक्त तीच भाषा बोलायची, आणि त्यातून भाषा पुन्हा उभी राहतेय. आमच्या सोसायटीच्या बागेत मराठी घरातली मुलं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात ते ऐकलं की मला त्या घरट्यांची आठवण येते.

आणि लाइट्स. आठ रात्रींपैकी एका रात्री दिसले. आधी मला ढगच वाटला, राखाडी पट्टा, मग डोळे सरावल्यावर हिरवा झाला आणि पडदा वाऱ्याने हलावा तसा हलला, दहाएक मिनिटं. मोबाइलमध्ये जेवढा हिरवागार येतो तेवढा डोळ्यांना दिसत नाही. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात म्हणून तो हिरवा, तिथं कुणाचा हमखास चालत नाही, आणि खाली ढग आले की संपलं. सुंदर होतंच, मी रडले. पण तेवढ्यासाठीच गेलो असतो आणि त्या रात्री ढग असते तर काय घेऊन परत आलो असतो.

मला विचाराल तर आमच्या ट्रिपचा खरा दिवस १२ जानेवारी. बसने दक्षिणेला कौनिसपा नावाच्या डोंगरावर गेलो, वरपर्यंत रस्ता आहे म्हणून सासूबाईंना नेता आलं. दुपारी बाराच्या पुढं गेल्यावर क्षितिजावर एक लाल रेघ आली, मग रेघेचा तुकडा जाड झाला, नखाएवढा सूर्य. आमच्या सावल्या बर्फावर पडल्या, सात दिवसांनी पहिल्यांदा, आणि मुलं आपल्याच सावलीमागे धावायला लागली. शेजारी उभं असलेलं एक फिनिश जोडपं टोपी काढून गप्प उभं होतं. सासूबाईंनी हात जोडले, मग पर्समधून तिळाच्या वड्यांचा डबा काढला आणि त्या दोघांनाही हातावर वडी ठेवली, संक्रांतीला दोनच दिवस होते. उत्तरायण म्हणजे काय ते मी शाळेत पाठ केलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

विमानाने एवढ्या लांब जाण्याने त्याच बर्फाचं नुकसान होतं हे मला माहीत आहे आणि ते मनाला लागतं. उत्तर ध्रुवाकडचा भाग गेल्या चाळीसेक वर्षांत बाकी पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. म्हणूनच आम्ही एकदाच गेलो, आणि सगळ्यांनी जावं असं माझं म्हणणं नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या मुलांसाठी पुण्यातच माणसं आहेत. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम गेली त्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. तुम्ही त्यांना तुमच्या पुरवणीत मुलांसाठी लिहायला सांगा ना, तिथं ते काय मोजतात, काय खातात, झोप कशी लागते. आणि नॉर्दर्न लाइट्स हमखास अशी जाहिरात छापताना शेजारी चार ओळी छापा की सूर्य किती दिवस नसतो, ढगांचं काय, एका जागी किती रात्री.

माझ्या पोरांचे लोकरीचे आतले कपडे, मोजे आणि हातमोजे, सात आणि अकरा वर्षांच्या मापाचे, धुऊन ठेवलेत, पुढच्या हिवाळ्यापर्यंत दोघांनाही लहान होतील. पुण्यातलं कुणी मुलांना घेऊन तिकडं जाणार असेल तर घेऊन जावं, पैसे नकोत. माझा नंबर तुमच्या ऑफिसात दिलेला आहे.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे