सुभाषला पत्र : मिलचं काय करायचं?

अमळनेर,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

कालचे खापरावरचे मांडे अजून पोटात आहेत, त्यामुळे आज हालचाल नाही. त्या निमित्ताने तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो. तुझ्या कॉलेजातल्या पोरांना नदीकाठच्या जुन्या कापड गिरणीच्या फेरवापराचा प्रकल्प करायचाय म्हणतोस, तर पाठव त्यांना. फक्त एवढं सांगून ठेव, की इथे 'गिरणी कुठे' विचारलं तर लोक पिठाची दाखवतील. 'मिल' म्हणायचं.

खान्देशात मिला का आल्या, तर कापसामागे. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या काळ्या मातीला एकदम भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. मग जळगावची खान्देश मिल उभी राहिली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या गावात प्रतापशेठांची, म्हणजे श्रीमंत मोतीलाल माणेकचंदांची. धुळ्याला पांझरेकाठी न्यू प्रताप, चाळीसगावला लक्ष्मीनारायण. पुढे 1974 च्या कायद्याने देशभरातल्या 103 आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात धुळे-चाळीसगावही गेलं.

पोरं विचारतील, गिरण्यांना नदीच का लागायची? बॉयलरला पाणी, वाफेचं पुन्हा पाणी करायला थंड पाणी, रंगाईला पाणी. आणि हवेलाही पाणी. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. आपल्या वैशाखात तर विचारूच नकोस. म्हणून साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात, हवा मुद्दाम दमट ठेवायचे. बाहेर लू चाललेली आणि दादा, माझे वडील, घरी यायचे ते घामाने नव्हे, दमटाने ओले होऊन. डोक्यावर कापसाची तूस, आणि खोकला. तो खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

साच्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे ओठांवरून समजून घ्यायचे. दादांची ती सवय घरातही होती. आई ओसरीच्या त्या टोकाला उभी राहून नुसते ओठ हलवायची, 'चहा?' आणि दादा इकडून मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असंच बोलतात.

प्रतापशेठांची गोष्ट मात्र पोरांना नीट सांगायला हवी. कापडाचा पैसा शाळेत घातला, 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. भोंग्यावर चालणाऱ्या गावात अद्वैत वेदान्ताचा अभ्यास, कल्पना कर! त्याच मंदिरात शिकायला म्हणून साने गुरुजी आले आणि मग 1924 ते 1930 प्रताप हायस्कुलात मास्तर होऊन राहिले. विप्रो 1945 साली इथेच तेलातून सुरू झाली, हे आजच्या पोरांना पाठ असतं. मिलबद्दल विचारलं की तोंडाकडे बघतात.

आता फेरवापर. इथे तुझं-माझं भांडण होणार. जळगावला मिलच्या जागेवर दुकानं, संकुलं आली. मुंबईत 1982 च्या संपानंतर काय काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ती चूक म्हणत नाही मी. जमिनीला भाव आला की कुणाचं चालतं? पण दातेरी छप्पर पाडताना जीव जातो. त्याच्या काचा उत्तरेकडे का, ते तुला सांगायला नको. ऊन थेट येत नाही, उजेड मात्र सगळीकडे सारखा, तागा तपासणाऱ्याला एक तुटका तारही दिसावा असा. दिवसा बल्ब नको. मला विचारशील तर अशा छपराखाली अभ्यासिका व्हावी. स्पर्धा परीक्षेची पोरं इथे पत्र्याच्या खोल्यांत महिन्याचे पैसे भरून उकडत बसलेली असतात.

आणि एका कोपऱ्यात दोन साचे चालते ठेवावेत. काचेआड पुसून ठेवलेला साचा मला नको, त्यातून काही कळत नाही. आवाज व्हायला हवा. इथला कापूस 170 किलोच्या गाठी बांधून परगावी जातो आणि शर्ट होऊन आपल्याच बाजारात परत येतो. गावात चार वार तरी विणलं जावं. तू म्हणशील, खर्च कोण देणार? खरंय. जुना नकाशा तरी मिळावा म्हणून एका कार्यालयात तीन खेटे घातले. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, 'सर, तुम्ही पीएचडी करताय का?' या वयात!

आपल्या बोरी नदीचं म्हणशील तर तामसवाडीला धरण झाल्यापासून पाणी पावसाळ्यापुरतंच. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते ती कोरड्या पात्रात. पोरांना तेव्हाच पाठव. नदीकाठचं गाव कसं वापरतात, ते पात्रात उतरून बघू दे.

दादांचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, माझ्याकडे आहे. लाकडी, दोन्ही टोकांना पोलाद, हातात घेतला की अजून तेलकट लागतो. बाजूला बारीक भोक आहे. धाग्याची नवी कांडी घातली की त्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घ्यायचा, पाळीत किती वेळा, मोजलं नाही कुणी. भोकाची कड घासून गुळगुळीत झालीय. तू आलास की दाखवीन. पोरांच्या हाती नुसता फोटो पाठवणार नाही.

वहिनींना नमस्कार. येताना रात्रीची गाडी धर, स्टेशनवर मी येतो. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी पक्की.

तुझा,
वसंता