वाइंडिंगवाल्या काकांना थँक्यू, टेस्टरच्या बल्बसकट

काका नमस्कार,

तुम्ही फेसबुक उघडत नाही माहीत आहे, पण तुमचा लहाना उघडते, तो वाचून दाखवीन म्हणून इथंच लिहून राहिलो.

एमएस्सीचा प्रोजेक्ट झाला एकदाचा. विषय मायक्रोप्लाझ्मा, म्हणजे मिलिमीटरभर जागेत वायूतून करंट जाऊन पेटलेला उजेड. आमच्या लॅबमध्ये हेलियमचं सिलेंडर नाही, व्हॅक्यूम पंप मेलेला, मग डोक्यात आलं की निऑनचा असा प्लाझ्मा तर तुमच्या खिशातल्या टेस्टरातच आहे ना. एवढ्या बारक्या जागेत प्रोब, म्हणजे मोजायची सुई, घुसवली तर प्लाझ्माच बिघडते, म्हणून फक्त उजेड घ्यायचा, स्पेक्ट्रोमीटरनं त्याचे रंग सुटे करायचे, अन ५८५.२, ६४०.२, ७०३.२ नॅनोमीटरच्या ज्या निऑनच्या रेषा दिसतात त्यातली कोणती किती जोरात आली त्यावरून आत काय चालू आहे ते ताडायचं.

पण माझं रीडिंग काही जमेना. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, रात्रीची लाइन, तुमच्या दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग, अन मी मधात बल्ब घेऊन उभा. तुम्ही हातातली कॉपर वायर खाली ठेवली, बल्ब पाहिला अन म्हणाले, "काऊन रे बाबू, दोन्हीकडून पेटून राहिला ना हा. डायोड टाक एक, मंग एकच बाजू पेटते."

बस एवढंच. पुस्तकात निगेटिव्ह ग्लो, म्हणजे कॅथोडजवळचा उजेड, वाचून मार्कं घेतले होते मी, पण एसीवर बल्बातल्या दोन्ही तारा आळीपाळीनं कॅथोड म्हणजे निगेटिव्ह टोक होतात अन माझा फायबर, म्हणजे उजेड स्पेक्ट्रोमीटरपर्यंत नेणारी बारीक नळी, दोघींचा उजेड मिसळून घेऊन राहिला हे काही सुचलं नाही. डायोड टाकल्यावर करंट एकाच दिशेनं जायला लागला, एकाच तारेभोवती नारंगी थर, दुसरी विझलेली, तेव्हा कुठं समजलं मी नेमकं काय मोजून राहिलो ते.

दुसरं म्हणजे तो बरणीभर जुन्या बल्बांचा खजिना. काळे पडलेले बल्ब पाहून मी म्हटलं यातला गॅस संपला, तुम्ही म्हणाले काच काळी झाली फक्त. खरंच, तारेचा धातू उडून काचेवर बसते, त्यानं उजेड कमी होते. म्हणून नुसत्या उजेडाच्या जोरावर नवा-जुना बल्ब तोलण्यात अर्थ नव्हता, मी ६३८.३ अन ६४०.२ अशा शेजारच्या दोन रेषांचं गुणोत्तर घेतलं, काच दोघींना जवळपास सारखीच अडवते. व्हायव्हात नेमका हाच प्रश्न आला. बरणी आठवली अन हसूच आलं मले.

अन हो, बल्बच्या सिरीजमधला करंट आवरणारा रेझिस्टर काढून पाहतो म्हटलं तेव्हा तुम्ही जी शिवी दिली ती पोरगा वाचून दाखवणार म्हणून इथं लिहीत नाही. वायू एकदा पेटला की करंट कुठं थांबते, बल्ब फुटला असता. लाइन चालू असताना एक हात खिशात ठेवायचं तर आता मी ज्युनियर पोट्ट्यांनाही सांगतो.

चहाचे पैसे तुम्ही घेतले नाही, बल्बचे तर विचारूच दिले नाही. तुमचा लाल मुठीचा टेस्टर अजून माझ्याचकडं आहे, पोळ्याला गावी आलो की आणून देतो, तोवर दुसऱ्या कोणाला बोल लावू नका.